व्हिक्टोरियन चित्रांतली शिकारी कुत्री: लाडाची की कामाची?

माळरान

व्हिक्टोरियन चित्रांमधलं कुत्रं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: अंधाऱ्या झोपडीत मालकाच्या शवपेटीवर हनुवटी टेकून बसलेला मेंढपाळाचा कुत्रा. एडविन लँडसीअरने ते १८३७ मध्ये रंगवलं, सध्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्या एका चित्रामुळे सगळ्या जमान्यावरच शिक्का बसलाय की हे लोक कुत्र्यांना माणसासारखं रडवायचे. शिकारीच्या चित्रांना मात्र हा शिक्का मारू नये असं माझं मत. तिथलं कुत्रं नोकरीवर असतं. ते माणसाच्या पुढे आहे की मागे, उभं आहे की दबलेलं, एवढं नीट पाहिलं तरी बंदूक कोणती, जमीन कुणाची आणि साधारण काळ कोणता याचा अंदाज येतो.

आधी बंदूक. व्हिक्टोरिया गादीवर आली तेव्हा शिकारी ठासणीची बंदूक वापरत. पॉइंटर किंवा सेटर जातीचा कुत्रा पुढे नागमोडी धावत रान पिंजून काढायचा आणि तित्तर किंवा ग्राउस या रानपक्ष्याचा वास लागला की जागच्या जागी थिजायचा. पॉइंटर उभा, नाक पक्ष्याच्या दिशेला, शेपूट ताठ, बऱ्याचदा पुढचा एक पाय उचललेला. सेटर जमिनीलगत दबलेला. मग माणूस चालत येणार, पक्षी उडणार, बार निघणार. त्यानंतर खरी कसोटी. नळीत दारू ओता, बोळा ठासा, छर्रे घाला, पुन्हा बोळा, वर बार पेटवणारी टोपी बसवा. तेवढ्या वेळात कुत्र्याने पुढे धाव घेऊन बाकीचे पक्षी उठवले तर सगळं मुसळ केरात. म्हणून बार झाला की खाली बसायचं आणि बंदूक भरून होईतो हलायचं नाही, हे त्याला पिल्लू असल्यापासून शिकवत. तेव्हा चित्रात मालक बंदूक ठासतोय आणि शेजारी सेटर पंजांवर डोकं टेकून पडलाय असं दिसलं तर तो दमलेला नाही, हुकूम पाळतोय.

१८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात लफोशो या फ्रेंच कारागिराची मागून काडतूस भरायची बंदूक लोकांनी पाहिली. इंग्रज बंदूकवाल्यांनी ती कल्पना उचलली आणि दहा-पंधरा वर्षांत ठासणीची बंदूक मागे पडली. भरभर बार काढता येतात म्हटल्यावर पक्ष्यांच्या मागे चालत जायची गरज काय? हाकारे लावायचे, पक्षी उठवून बंदुकांच्या रांगेवर घालायचे. राणीचा नवरा अल्बर्ट जर्मनीतून आलेला, त्याला ही हाक्याची शिकार आवडायची. सुरुवातीला इंग्रज जमीनदारांनी नाकं मुरडली, पुढे सगळ्यांनी तेच केलं.

आता या हाक्यात पॉइंटरला काम काय? पक्षी शोधायला माणसं आहेत. कुत्रं हवं ते पडलेला पक्षी उचलून आणायला. म्हणजे रिट्रीव्हर. शिकारीच्या चित्रात कुत्रं बंदुकीच्या पुढून मागे सरकतं ते यामुळे.

आणखी एक कारण मला फार आवडतं, कारण ते कलेच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. गहू विळ्याने कापत तेव्हा धसकटं चांगली उंच राहायची. तित्तरांना त्यात दबून बसता यायचं, कुत्र्यालाही त्यांच्याजवळ जाता यायचं. कापणीची यंत्रं आली, धसकटं बुटकी झाली. पक्ष्याला लपायला जागा नाही, माणूस दिसला की लांबूनच पळतो किंवा उडतो. म्हणजे पॉइंटरची नोकरी जाण्यात बंदुकीइतकाच वाटा कापणीयंत्राचाही आहे.

लोकांनी भर घालावी. कुणी ही चित्रं प्रत्यक्ष पाहिली असतील तर त्यांनी तर लिहावंच.

जुना_बाजार

रुमाल टाकून ठेवतो. धसकटांचा मुद्दा आमच्या शेतकरी डोक्याला एका झटक्यात पटला.

एक शंका. ही चित्रं काढवून घेणारे कोण? म्हणजे शिकार करणारे सगळे लॉर्डच होते का?

माळरान

आधी कायद्यानेच तसं होतं. १६७१ पासून इंग्लंडात जमिनीचं ठरावीक उत्पन्न असल्याशिवाय तित्तर-ससे मारायचा हक्कच नव्हता. १८३१ च्या कायद्याने ती अट काढली. परवान्याचे पैसे भरा, जमीन मालकाची परवानगी घ्या आणि मारा. मग गिरणीवाले, दारूभट्टीवाले, रेल्वेत पैसा केलेले असे नवे लोक शिकारीत शिरले. जुन्या घराण्यांच्या भिंतीवर आजोबांची पोर्ट्रेट. यांच्याकडे आजोबा सांगण्यासारखे नव्हते, पण कुत्रा सांगण्यासारखा विकत घेता येत होता! चित्रकारांची चांदी झाली.

लीड्सकर_मावशी

मी भर घालते. यॉर्कला आमच्याकडून आगगाडीने अर्ध्या तासात जाता येतं आणि पाहुण्यांना तिथलं रेल्वे म्युझियम दाखवणं हा आमच्याकडचा धर्म आहे. इंजिनं बघून पाय दुखायला लागले की मी जॉर्ज अर्लची दोन चित्रं शोधते.

पहिलं १८९३ चं. लंडनचं किंग्ज क्रॉस स्टेशन, फलाटावर श्रीमंत मंडळी स्कॉटलंडला निघालेली. १२ ऑगस्टला ग्राउसची शिकार खुली होते, त्याची ही वारी. सामानाचे ढीग, मासेमारीच्या काठ्या, टोप्या, शाली, नोकर, हमाल, आणि या सगळ्यात शिकारी कुत्री. दुसरं १८९५ चं, पर्थ स्टेशनवरून परतीचा प्रवास. जोडीने लावलेली असली की मजा येते.

अर्ल स्वतः शिकारी आणि कुत्र्यांचा मोठा दर्दी. त्यामुळे बायकांच्या रेशमी झग्यांपेक्षा कुत्र्यांची लव त्याने जास्त मन लावून रंगवलीय, हे पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. माणसांचे चेहरे थोडे फोटोसाठी थांबल्यासारखे. कुत्री मात्र खरी. गर्दी, वाफ, शिट्ट्या, आणि त्यांची अंगं तशी ताणलेली. माळरान, तुमचा नोकरीचा मुद्दा इथे पटतो. त्या फलाटावर मंडळी सुट्टीवर निघालीयत, कामावर फक्त नोकर आणि कुत्री.

आणि रेल्वे हा मुद्दा तुमच्याकडून राहिला बघा. रेल्वे नसती तर लंडनच्या माणसाला दोन आठवड्यांसाठी कुत्र्यांसकट स्कॉटलंड कसं परवडलं असतं?

माळरान

अगदी मान्य मावशी. बालमोरल राणीने १८४८ मध्ये भाड्याने घेतलं आणि १८५२ मध्ये विकत, तेव्हापासून स्कॉटलंडचं वेड लागलंच होतं. रेल्वेने ते पैसेवाल्या सगळ्यांना वाटून टाकलं.

चहाटळ

आम्ही कोकणात जाताना एक मांजर सोबत घेतलं तर बसवाल्याने खाली उतरवलं. आणि हे लोक अख्खा कळप घेऊन फलाटावर पोज देतायत. असो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

निळी_शाई

धागा सुरेख, पण लँडसीअरला इतक्या सहज बाजूला करू नका. मी चित्रकला शिकवते, त्यामुळे हाताचं कसब बघितल्याशिवाय राहवत नाही.

टेट गॅलरीच्या संग्रहात त्याचं १८३५ चं झोपलेल्या ब्लडहाउंडचं, म्हणजे वासावरून माग काढणाऱ्या कुत्र्याचं, चित्र आहे. ती कुत्री काउंटेस, मालक जेकब बेल. हा बेल म्हणजे लंडनमधला मोठा औषधविक्रेता, ब्रिटनची फार्मास्युटिकल सोसायटी उभी करण्यात पुढे असलेला. काउंटेस उंचावरून पडून मेली आणि बेलने तिला लँडसीअरकडे नेलं. त्याने मेलेल्या कुत्रीवरून झोपलेली कुत्री रंगवली. हे माहीत नसताना बघा आणि मग माहीत असताना बघा. मानेची सैल कातडी खाली ओघळलीय, ओठ किंचित लोंबलाय, पायांत ताण नाही. झोपलेलं जनावर इतकं सैल पडतं का, असा प्रश्न पडायला लागतो. कातडीच्या प्रत्येक घडीत त्याने वेगळा तपकिरी वापरलाय. माझ्या मते शवपेटीवाल्या चित्रापेक्षा हे कितीतरी वरचं, कारण इथे रडवायची खटपटच नाही.

याच बेलचा दुसरा ब्लडहाउंड ग्राफ्टन. तो १८३९ च्या त्या सुप्रसिद्ध चित्रात आहे, कुत्र्याच्या घराच्या दारात भलामोठा गंभीर हाउंड आणि शेजारी डोकावणारा चिटुकला पांढरा टेरिअर. बिस्किटांच्या डब्यांपासून कॅलेंडरांपर्यंत सगळीकडे फिरलेलं चित्र. बेलने आपला संग्रह १८५९ मध्ये देशाला देऊन टाकला म्हणून हे आज आपल्याला बघायला मिळतं.

लँडसीअर इतका घरोघरी पोचला त्यात खोदकामवाल्यांचा, म्हणजे पत्र्यावर चित्र कोरून छाप काढणाऱ्यांचा, मोठा हात. त्याचा भाऊ थॉमस लँडसीअर पट्टीचा खोदकाम करणारा. मूळ चित्र एका जमीनदाराकडे, छापील प्रती हजारो घरांत. लँडसीअरची बरीच कमाई या छापांच्या हक्कांतून व्हायची, आणि ते व्यवहार बघायचा कोण, तर हाच जेकब बेल.

जुना_बाजार

आता माझी पाळी! चोरबाजारात फ्रेमवाल्यांकडे असले छाप अजून निघतात. वाळवीने कडा खाल्लेल्या, काचेच्या आत बुरशीचे ठिपके. दुकानदार प्रत्येक छापाला 'ओरिजिनल इंग्लंड' म्हणतो. बहुतेक पुढच्या काळातल्या स्वस्त छपाया असतात. भिंगातून पाहिलं आणि सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले की ते मशीनवरचं काम. जुन्या खोदकामात रेषा हाताने ओढल्यासारख्या जाड-बारीक होत जातात आणि कागदावर पत्र्याच्या कडेचा दाब बोटाला लागतो. घासाघीस करण्याआधी बोट फिरवा.

सडेतोड

सगळं छान छान चाललंय म्हणून खडा टाकतो. तुम्ही मंडळी कुत्र्याच्या लवेत आणि छापाच्या कडेत रमलात. या चित्रांत मरणारं जनावरही असतं ना? लँडसीअरचंच ऊदमांजराच्या शिकारीचं चित्र बघा, १८४४ चं. भाल्यावर टोचलेलं ऊदमांजर तडफडतंय, शिकारी ते हात वर करून उंच धरतो आणि खाली हाउंडांचा कळप उड्या मारतोय. काढवून घेणारा अर्ल ऑफ अ‍ॅबरडीन, त्या वेळचा परराष्ट्रमंत्री, पुढे पंतप्रधान. राजवाड्यातही तेच. विंडसरच्या दिवाणखान्याचं चित्र आठवा: राणी उभी, अल्बर्ट शिकारीहून आलेला, गालिच्यावर मेलेले पक्षी आणि छोटी राजकन्या त्यातल्याच एका पक्ष्याशी खेळतेय. याला 'कुत्र्याची नोकरी' म्हणून मोकळं व्हायचं?

माळरान

सडेतोड, खडा योग्य जागी पडला. पण हा प्रश्न आपण आज विचारतोय असं समजू नका. समीक्षक जॉन रस्किनने तेव्हाच विचारला होता. शवपेटीवरच्या कुत्र्याचं त्याने तोंडभरून कौतुक केलं. तीन वर्षांत तोच रस्किन लिहितो की लँडसीअरने आणखी तडफडणारी ऊदमांजरं आणि भुंकणारे कळप रंगवण्याआधी जरा थांबावं आणि विचार करावा, हाउंडमध्ये पाहण्यासारखं जे उत्तम ते त्याचा हिंस्रपणा आहे का, आणि ऊदमांजरात पाहण्यासारखं जे उत्तम ते त्याची वेदना आहे का.

मी उत्तर देतो ते असं: त्या चित्रातले ऑटरहाउंड बघताना मला कळपाची रचना, ओले केस, वर वळलेल्या माना दिसतात आणि वरचं ऊदमांजर बघवत नाही. दोन्ही गोष्टी एकाच कॅनव्हासवर आहेत. चित्र न्यूकॅसलच्या लेंग गॅलरीकडे आहे. १९७८ पासून इंग्लंडात ऊदमांजराला संरक्षण मिळालं आणि ऑटरहाउंडचं कामच संपलं. आज ती जात दुर्मिळ झालीय.

सडेतोड

बघवत नाही म्हणालात, तेवढं पुरे. माझा राग कुत्र्यावर नाहीच.

त्याच काळातल्या रिचर्ड अँस्डेलचं एक चित्र मात्र या धाग्यात यायलाच हवं. अँस्डेल लिव्हरपूलचा, कुत्री-मेंढरं-शिकारी रंगवण्यात लँडसीअरच्या खालोखाल नाव. १८६१ मध्ये त्याने पळून गेलेले गुलाम रंगवले. दलदलीत मागे बाई, पुढे कुऱ्हाड उगारलेला पुरुष आणि अंगावर धावून येणारी मॅस्टिफ कुत्री. हाच चित्रकार, हीच ताणलेली मान, हेच दात. वर्षानुवर्षं जमीनदारांसाठी ज्या नजरेने त्याने कुत्रं रंगवलं, त्याच नजरेने इथे रंगवलंय. फक्त सावज माणूस आहे. हे बघितल्यावर शिकारीचं कुठलंच चित्र पूर्वीसारखं दिसत नाही, निदान मला तरी.

निळी_शाई

सडेतोड, +१. आणि ते चित्र लिव्हरपूलचं आहे हे विसरू नका. अमेरिकेतला गुलामांनी पिकवलेला कापूस ज्या बंदरात उतरायचा, ते बंदर. १८६१ हेच अमेरिकन यादवी सुरू झाल्याचं साल. तिकडचा कापूस अडला म्हणून इकडे मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले, शेअरचा बाजार फुगला आणि १८६५ मध्ये फुटला, ती गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच.

गुरांचा_डॉक्टर

कालपासून वाचतोय, आज वेळ मिळाला. जनावरांचा डॉक्टर म्हणून एक गोष्ट दाखवतो, चित्रकाराच्या नजरेतून सुटत नाही आणि बघणाऱ्याच्या हमखास सुटते.

फॉक्सहाउंडांचं, म्हणजे कोल्ह्यामागे सोडायच्या कुत्र्यांचं, जुनं चित्र उघडा आणि फक्त कान बघा. आजच्या हाउंडाचा कान लांब, टोकाला निमुळता होत लोंबतो. जुन्या चित्रांत कित्येक हाउंडांचे कान आखूड आणि टोकाला गोल दिसतात. ती वेगळी जात नव्हे. पिल्लू असताना कानाची पाळी लोखंडी साच्यावर धरून गोल कापत. सबब अशी की काटेरी कुंपणातून घुसताना लांब कान फाटतात, मग जखमा चिघळतात. कानाच्या कडेला रक्तवाहिन्या बारीक असल्या तरी एकदा फाटला की रक्त लवकर थांबत नाही आणि कुत्रं डोकं झटकून जखम पुन्हा उघडतं, हे खरंच आहे. तरी सगळ्या पिल्लांचे कान सरसकट कापायला ते कारण पुरेसं नाही. पुढे ही पद्धत हळूहळू बंद पडली. चित्रातल्या कळपात कापलेले कान दिसले तर चित्रकाराने खरे हाउंड समोर ठेवलेत असं समजायला हरकत नाही.

जॉन एम्स या चित्रकाराची चित्रं याच नजरेने बघा. न्यू फॉरेस्टमधल्या लिंडहर्स्टला राहायचा. शिकारीहून आलेले हाउंड पेंढ्यावर एकमेकांच्या अंगावर पडलेत असं तो रंगवायचा, रंग जाड, हात मोकळा. मधेच एक छोटा टेरिअर असतो. तो शोभेला नाही. कोल्हा बिळात शिरला की हाउंड बाहेर नुसतेच भुंकत बसतात, आत घुसायचं काम त्या टिल्ल्याचं.

भुभुप्रेमी

डॉक्टर, कानाचं वाचून माझ्या लॅबचे दोन्ही कान चाचपून आले.

लॅब्राडॉर या चित्रांत फारसा का दिसत नाही? आज शिकारी कुत्रा म्हटलं की तोच आठवतो.

माळरान

कारण तेव्हा तो 'लॅब्राडॉर' म्हणून पक्का झालाच नव्हता. न्यूफाउंडलँडच्या कोळ्यांची काळी, आखूड केसांची, पाण्यात पोहणारी कुत्री मासळीच्या गलबतांबरोबर इंग्लंडातल्या पूल बंदरात येत. अर्ल ऑफ माम्सबरी आणि ड्यूक ऑफ बक्लू या दोन घराण्यांनी ती वाढवली आणि १८८० च्या दशकात दोघांची कुत्री एकत्र येऊन पुढची पैदास झाली. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबची मान्यता १९०३ मध्ये, म्हणजे राणी गेल्यावर. व्हिक्टोरियन चित्रांत रिट्रीव्हर दिसतो तो बहुतेक काळा, लहरी केसांचा. सोनेरी रिट्रीव्हरचा उगम मात्र बरोबर याच काळातला आणि नोंदी ठेवलेला: लॉर्ड ट्वीडमाउथने स्कॉटलंडमध्ये गिसाखन इथे १८६८ मध्ये 'नूस' हा पिवळा कुत्रा आणि 'बेल' ही ट्वीडकाठची पाणस्पॅनिएल यांची पिल्लं घेतली.

लीड्सकर_मावशी

केनेल क्लबचं नाव निघालंच आहे तर सांगते. चित्रं बदलली ती बंदुकीमुळे, तशीच प्रदर्शनांमुळेही. पहिलं नाव घेण्यासारखं श्वानप्रदर्शन १८५९ मध्ये न्यूकॅसलला झालं, कोंबड्यांच्या प्रदर्शनाला जोडून. फक्त पॉइंटर आणि सेटर, बक्षीस म्हणून बंदुका. गंमत म्हणजे पॉइंटरच्या परीक्षकाचा सेटर पहिला आला आणि सेटरच्या परीक्षकाचा पॉइंटर!

चहाटळ

आमच्या सोसायटीची रांगोळी स्पर्धा अगदी अशीच असते. १८५९ पासूनची परंपरा आहे हे आज कळलं.

लीड्सकर_मावशी

१८७३ मध्ये केनेल क्लब निघाला, मग जातींची वही, मग प्रत्येक जातीचं कान-शेपूट-उंचीचं माप. जॉर्ज अर्ल त्या क्लबच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. त्याची मुलगी मॉड अर्ल बापाच्या पुढे गेली. बापाने तिला आधी सांगाडे काढायला लावले, माणसाचा, घोड्याचा, कुत्र्याचा. ती राजघराण्यातली कुत्रीही रंगवायची. त्या काळी बाईने शिकारी कुत्र्यांची चित्रकार म्हणून पोट भरणं सोपं नव्हतं, तिने नाव आणि पैसा दोन्ही कमावलं आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कला गेली.

निळी_शाई

मॉड अर्लच्या रेषेबद्दल मला आदर आहे, पण प्रदर्शनांनी चित्रांचं नुकसान केलं असं मी म्हणेन. बक्षीस मिळालेल्या कुत्र्याचं चित्र हवं म्हटलं की कुत्रं आडवं उभं, चारी पाय दिसतील असं, पाठ सरळ, पार्श्वभूमीला नावापुरती टेकडी. बाजूने दिसणारं कुत्रं रंगवायची रीत आधीपासून होती, घोड्यांचंही तसंच. पण आधीच्या चांगल्या चित्रांत वारा असायचा. १८९० नंतरची कित्येक चित्रं ओळखपत्राच्या फोटोसारखी वाटतात.

माळरान

इथे माझा विरोध. ओळखपत्रासारखी म्हणून ती टाकाऊ कशी? मालकाला तेच हवं होतं. तुम्हाला वारा हवा असतो, त्याला खांद्याचा कोन हवा होता. आणि तुमच्या लँडसीअरचं 'इओस' काय आहे? अल्बर्टची काळी-पांढरी ग्रेहाउंड, चकचकीत, पूर्ण बाजूने, शेजारी मालकाची उंच टोपी, हातमोजे आणि काठी. राणीने १८४१ च्या नाताळाला अल्बर्टला दिलेली भेट. आडवं उभं कुत्रं आणि तरी त्या काळातल्या सर्वोत्तम चित्रांपैकी एक!

निळी_शाई

इओसमध्ये माणूस चित्राबाहेर आहे आणि तरी आहे. ती टोपीकडे तोंड करून वाट बघतेय. बक्षिसाच्या चित्रात कुत्रं कुणाचीच वाट बघत नाही. फरक तिथे आहे, कोनात नाही.

गुरांचा_डॉक्टर

तुमचं भांडण मिटेपर्यंत ग्रेहाउंडांवरून थोडं आपल्याकडे येतो. लातूर-बिदरकडे कारवानी कुत्री पाहिलीत ना? मुधोळ म्हणतात तीच. खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब चेहरा. नजरेने शिकार करणारी, वासाने नव्हे, म्हणजे कामाच्या दृष्टीने ग्रेहाउंडाची भावकी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्यांची जोपासना केली, २००५ मध्ये टपाल खात्याने तिकीटही काढलं. कोल्हापूरला तर संस्थानी काळात काळवीटांवर चित्ते सोडत, त्याचे फोटो उपलब्ध आहेत. पण अँस्डेलने लिव्हरपूलच्या ग्रेहाउंडांना दिली तशी मोठी तैलचित्रं आपल्या कारवान्यांच्या वाट्याला आलेली मी तरी पाहिली नाहीत. जुन्या फोटोंत ती दिसतात, मालकाच्या पायाशी, बहुतेक वेळा हललेली.

आणि हो, माझ्याकडे येणाऱ्या कारवान्यांपैकी काहींच्या पायाला काटेरी तारेच्या जखमा असतात. मालक सांगतात 'खेळताना लागलं'. १९७२ च्या कायद्याने सशाची शिकार बंद आहे, म्हणून मी पुढे विचारत नाही असं कुणी समजू नये. विचारतो.

जुना_बाजार

अँस्डेलची ग्रेहाउंडांची चित्रं कोणती? शोधायला नाव द्या कुणीतरी.

लीड्सकर_मावशी

'वॉटर्लू कोर्सिंग' असं शोधा, १८४० चं, लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीच्या संग्रहातलं. दोन ग्रेहाउंड एका सशामागे सोडायचे आणि कोण सरस ते पंचाने ठरवायचं, ही ती स्पर्धा. वॉटर्लू कप लिव्हरपूलजवळ ऑल्टकारला १८३६ पासून भरायचा. चित्रात कुत्र्यांपेक्षा माणसांची गर्दी जास्त आहे, उंच टोप्या, घोडे, चेहरे ओळखू येतील इतके नीट. प्रत्येकाला आपण चित्रात हवे होतो, उघडच आहे. १८६८, १८६९ आणि १८७१ असा तीनदा कप जिंकणारा मास्टर मॅग्राथ हा लॉर्ड लर्गनचा आयरिश ग्रेहाउंड. त्याला बघायची राणीलाच हौस आली, म्हणून त्याला तिच्यासमोर नेलं होतं. शेवटचा कप २००५ च्या फेब्रुवारीत झाला, त्याच आठवड्यात इंग्लंडात कुत्र्यांनी ससे धरण्यावर बंदी लागू झाली.

जाण्याआधी गॅलरीच्या साइटवर बघून घ्या, सगळी चित्रं नेहमी भिंतीवर नसतात. यॉर्कलाही तेच.

जुना_बाजार

धन्यवाद मावशी. वाचनखूण साठवली. शुक्रवारी चोरबाजारात भिंग घेऊन जातो, कापलेल्या कानांचा एखादा छाप सापडला तर इथेच फोटो टाकतो. डॉक्टर, तपासून द्यायची फी किती?

गुरांचा_डॉक्टर

कानाचे वेगळे, शेपटीचे वेगळे.